आकृती-अहवाल तयार करणाऱ्या साधनाचे माहितीलेखन

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• संगणकीय साधनाच्या माहितीलेखनाचे दोन प्रकारचे वाचक ओळखणे.
• साधनाचे वर्णन, नियम आणि मर्यादा नेमक्या शब्दांत लिहिणे.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मिक्सर किंवा शिलाईयंत्राबरोबर मिळणारी माहितीपुस्तिका तुम्ही पाहिली असेल. तिच्यात एखादी गोष्ट लिहायची राहिली, तर आपण दुकानदाराला विचारतो किंवा अनुभवाच्या आधारे मार्ग काढतो. आता असा वाचक डोळ्यांसमोर आणा, ज्याने ते यंत्र कधी पाहिलेले नाही आणि पुस्तिकेतील शब्द हाच ज्याचा मुख्य आधार आहे. मजकुरातील उणीव तो अनेकदा अंदाजाने भरून काढतो आणि तो अंदाजही खात्रीच्या स्वरात मांडतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा सहायक, म्हणजेच ‘एआय एजंट’, हा असा वाचक आहे. त्याच्यासाठी लिहिणे हे उपयोजित लेखनाचे नवे क्षेत्र होय.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ साधनाचे स्वरूप

काही साधने मजकुरावरून आकृती काढतात. ‘ग्राफव्हिझ’ हे त्यांपैकी एक जुने साधन आहे. ‘मरमेड’ हे साधन २०१४ मध्ये सुरू झाले. ‘अर्ज’ आणि ‘छाननी’ हे शब्द बाणाच्या खुणेने जोडून लिहिले, की मरमेड दोन चौकटी आणि त्यांना जोडणारा बाण काढते. एजंट मजकूर लिहितो, साधन चित्र काढते आणि माणसाच्या हाती आकृतीसह अहवाल येतो. म्हणून अशा साधनाच्या माहितीलेखनाला दोन वाचक असतात : साधन वापरणारा एजंट आणि त्या अहवालावर विसंबणारा माणूस.

५.३.२ वर्णन

एजंटला साधने जोडून देण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही पद्धती प्रसिद्ध झाली. तिच्यात साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला द्यावयाच्या माहितीचे स्वरूप एजंटपुढे ठेवले जाते. कोणते साधन केव्हा वापरावे, हे एजंट प्रामुख्याने त्यावरूनच ठरवतो. पुढील दोन वर्णने पाहा :

(अ) हे साधन सुंदर आकृत्या काढते.
(आ) हे साधन कामाच्या क्रमवार पायऱ्यांवरून प्रवाह-आकृती काढते व ती अहवालात घालते. आकडेवारीच्या आलेखांसाठी ते वापरू नये.

पहिल्या वाक्यात प्रशंसा आहे, माहिती नाही. दुसऱ्या वर्णनात साधन काय करते, कशावरून करते आणि कशासाठी उपयोगी नाही, या तिन्ही गोष्टी आल्या आहेत. ‘सुंदर’ हे विशेषण येथे निरुपयोगी आहे. ‘क्रमवार’ हे विशेषण मात्र अत्यावश्यक आहे.

५.३.३ नियम आणि अपवाद

मरमेडच्या प्रवाह-आकृतीत ‘एंड’ हा इंग्रजी शब्द सगळ्या लहान अक्षरांत चौकटीचा मजकूर म्हणून लिहिला, तर आकृती मोडू शकते. कारण त्या भाषेत हाच शब्द उपगट संपल्याची खूण आहे. शब्दातील एखादे अक्षर मोठे, म्हणजे कॅपिटल केल्यास अडचण टळते. ही सूचना मरमेडच्या माहितीपुस्तिकेत स्पष्टपणे दिलेली आहे. अपवाद सांगताना चूक, तिचे कारण आणि उपाय असा क्रम ठेवावा. ‘शब्द काळजीपूर्वक वापरावेत’ अशा मोघम सूचनेने कोणत्याच वाचकाचे काम होत नाही.

५.३.४ मर्यादा

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. साधन मजकुराची रचना तपासते. मजकुरातील विधान खरे आहे की नाही, हे तपासत नाही. एजंटने चुकून छाननीच्या आधी ‘मंजुरी’ लिहिली, तरी साधन तितकीच नीटनेटकी आकृती काढील. ओबडधोबड वाक्य वाचताना आपण थबकतो, पण रेखीव आकृतीवर सहज विश्वास ठेवतो. त्या आकृतीवरून कोणी कामाचा क्रम ठरवला, तर एका उलट्या बाणाची किंमत अर्जदाराला मोजावी लागेल. यास्तव माहितीलेखनात दोन वाक्ये असावीत : ‘हे साधन विधानांची सत्यता तपासत नाही.’ ‘आकृती ज्या मजकुरावरून काढली, तो मूळ मजकूर अहवालास जोडावा.’ पहिल्या वाक्याने माणूस सावध होतो. दुसऱ्यामुळे त्याला प्रत्येक बाण पडताळून पाहता येतो.

५.४ सारांश

साधनाचे माहितीलेखन हे साधनाचे कौतुक नव्हे. कार्य, आदान, अपवाद आणि मर्यादा यांचे निःसंदिग्ध निवेदन म्हणजे माहितीलेखन. त्यासाठी तांत्रिक ज्ञान हवेच. परंतु शब्दाची नेमकी छटा ओळखणारा भाषेचा अभ्यासकही तितकाच हवा.

५.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ५.३.२ मधील दोन वर्णनांची तुलना करा.
२. आकृतीसोबत मूळ मजकूर का जोडावा, ते चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.
३. तुमच्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणच्या एखाद्या साधनाचे वर्णन, एक अपवाद आणि एक मर्यादा लिहा. ते साधन कधीही न पाहिलेल्या व्यक्तीला वाचावयास द्या आणि तिने विचारलेले प्रश्न नोंदवा. त्या प्रश्नांतून तुमच्या लेखनातील उणिवा तुम्हाला कळतील.