हक्क श्रमिकासोबत चालला पाहिजे

जालना जिल्ह्याला स्थलांतराच्या दोन्ही बाजू ठाऊक आहेत. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. तर जालना शहरातील सळयांच्या कारखान्यांत परराज्यांतून आलेले मजूर राबतात. दोघांपुढचा प्रश्न एकच आहे: राज्य बदलल्यावर आजारपण, अपघात, बाळंतपण आणि म्हातारपण यांतील आधाराची, म्हणजेच सामाजिक सुरक्षेची, जबाबदारी कोणी उचलायची?

या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत जालन्याने पाहिली आहे. टाळेबंदीत जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे रुळांवरून पायी निघालेले सोळा मजूर ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली ठार झाले. देशभरातील स्थलांतरितांच्या हालांची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि २९ जून २०२१ च्या निकालात 'एक देश, एक रेशन कार्ड' योजना सर्व राज्यांनी ३१ जुलैपर्यंत लागू करावी, असा आदेश दिला.

हाच प्रश्न युरोपने फार आधी हाताळला. सीमा ओलांडणाऱ्या कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचे नियम युरोपीय आर्थिक समुदायाने १९५८ मध्येच केले आणि त्यांचे आजचे रूप मे २०१० पासून लागू आहे. त्यात प्रत्येक देशाचा कायदा वेगळाच राहतो, फक्त त्या कायद्यांची सांगड घातली जाते. कामगाराला एका वेळी एकाच देशाचा कायदा लागू होतो, त्याला स्थानिकांसारखीच वागणूक मिळते, वेगवेगळ्या देशांतील नोकरीचा कालावधी पात्रतेसाठी एकत्र मोजला जातो आणि मिळालेले निवृत्तिवेतन दुसऱ्या सदस्य देशात राहूनही घेता येते. पोलंडमध्ये बारा आणि जर्मनीत वीस वर्षे काम केलेल्याला दोन्ही देश आपापल्या वाट्याचे निवृत्तिवेतन देतात.

भारतातील संघटित कामगाराला अशी सोय काही अंशी मिळते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मासिक निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि नोकरी बदलली तरी ही वर्षे जोडून घेता येतात. बेल्जियम, जर्मनी अशा देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षा करारही आहेत. त्यामुळे पुण्याच्या कंपनीने काही काळासाठी जर्मनीला पाठवलेल्या अभियंत्याला भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या प्रमाणपत्रावर तिथल्या निवृत्तिवेतनाच्या वर्गणीतून सूट मिळते. कर्नाटकात उसाच्या फडावर गेलेल्या मजुराच्या हंगामांची बेरीज मात्र कोणतेच कार्यालय करत नाही. त्याचा हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो.

या मजुरापर्यंत सर्वांत ठोसपणे पोहोचलेला हक्क धान्याचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात, तसेच आंध्र प्रदेश आणि तेलंगणा या जोड्यांपासून 'एक देश, एक रेशन कार्ड' ही सोय सुरू झाली. तिच्यानुसार शिधापत्रिकेवरील धान्याचा काही भाग फडाजवळच्या दुकानातून आणि उरलेला भाग गावी राहिलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांना घेता येतो. मात्र कोयता धरून झिजलेला अंगठा यंत्राने ओळखला नाही, तर हाच हक्क दुकानाच्या दारात अडतो.

महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या दर टनामागे दहा रुपये घेण्याचे धोरण आहे. कर्नाटकातील कारखान्याने गाळलेल्या उसावर ही वर्गणी बसत नाही, मजूर जालन्याचाच असला तरीही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी आंतरराज्य स्थलांतरिताच्या व्याख्येत ठेकेदाराविना स्वतःहून आलेल्या कामगाराचाही समावेश केला. या तरतुदीला बळ यायचे असेल, तर मजुराच्या प्रत्येक हंगामाची नोंद त्याच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावर झाली पाहिजे, आणि फडावरील अपघाताची भरपाई कोणी द्यायची व बाळंतपणाचा खर्च कोणी उचलायचा, हे महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी लेखी ठरवले पाहिजे. दोन राष्ट्रांना अभियंत्यासाठी जे जमते, ते एकाच देशातील दोन राज्यांना ऊसतोड मजुरासाठी जमायलाच हवे.