चौकोन खरंच एक सेंटिमीटरचा आहे का?

झाडाच्या पानाचं क्षेत्रफळ मोजायला आलेखकागदाइतकं सोपं साधन नाही. पिंपळाचं पान कागदावर ठेवायचं, कडेनं पेन्सिल फिरवायची आणि आतले चौकोन मोजायचे. कडेचा तुकडा अर्ध्याहून मोठा असला तर एक धरायचा, लहान असला तर सोडून द्यायचा. इंदूरच्या खजुरी बाजारात आलेखकागद छापील मिळतो, पण प्रयोग उद्यावर आला की भंवरकुआंच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ देऊन पान छापून घेणं सोयीचं पडतं. गडबड होते ती इथे.

बहुतेक प्रिंटरना कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही. म्हणून 'फिट' हा पर्याय बऱ्याचदा आधीच निवडलेला असतो आणि सगळं चित्र थोडं आक्रसतं. फाइल अमेरिकन लेटर आकाराची, म्हणजे २१५.९ मिलिमीटर रुंद, आणि कागद २१० मिलिमीटरचा ए-फोर असला, तर चित्र ९७ टक्क्यांवर येतं. सेंटिमीटरचा चौकोन ९.७ मिलिमीटरचा होतो. डोळ्यांना हे कळत नाही, पण क्षेत्रफळात चूक लांबीतूनही शिरते आणि रुंदीतूनही. प्रत्येक चौकोन सुमारे ६ टक्क्यांनी लहान होतो आणि १०० चौरस सेंटिमीटरचं पान १०६ चं भरतं.

नुसता आलेख काढायचा असेल तर याची फिकीर करू नये. रेघा आक्रसल्या तर बिंदूही त्यांच्याबरोबर सरकतात. ईसीजीच्या कागदावर नेहमीच्या वेगाला १ मिलिमीटरचा चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. त्याची लहान केलेली प्रत चौकोन मोजून वाचली तर बरोबर येते, पट्टी लावली तर चुकते. खरी वस्तू कागदावर ठेवली की मात्र कागदच पट्टी होतो.

'अ‍ॅक्च्युअल साइज' निवडलं की मोठी चूक जाते. उरतात त्या बारीक चुका, आणि मला त्याच जास्त रंजक वाटतात. इंचाला ६०० ठिपके छापणाऱ्या यंत्राच्या हिशेबानं १ मिलिमीटरमध्ये २३.६२ ठिपके बसतात. अर्धामुर्धा ठिपका छापता येत नाही. दोन रेघांमध्ये सरसकट २४ ठिपके सोडले, तर १०० मिलिमीटरचे १०१.६ होतात. चांगला प्रोग्रॅम प्रत्येक रेघेची जागा शून्यापासून काढतो. मग काही चौकोन २३ ठिपक्यांचे, काही २४ चे निघतात, पण चूक साचत जात नाही.

शिवाय कागद ओलाव्यानुसार बदलतो. लेझर प्रिंटरच्या तापलेल्या रुळांमधून जाताना त्यातला ओलावा उडतो आणि तो आक्रसतो. पुढे हवेतला ओलावा शोषून पुन्हा फुगतो. माळव्यातल्या मे महिन्याच्या कोरड्या दुपारचं पान श्रावणातल्या दमट हवेत तेवढंच राहत नाही. त्यातही तंतूंच्या दिशेनं तो कमी फुगतो, आडवा जास्त, त्यामुळे चौकोनाचा किंचित आयत होतो.

तपासायला स्टीलची पट्टी पुरते. एक चौकोन मोजून काही कळत नाही, १८ एकदम मोजावेत, आडवे आणि उभे वेगवेगळे. त्या मोठ्या चौकोनाचे दोन कर्ण सारखे नसतील तर पान तिरकं छापलंय. समजा आडवे १८ चौकोन १७९.१ मिलिमीटर भरले आणि उभे बरोबर १८०. ते पान फेकायचं कारण नाही. मोजलेल्या चौकोनांना ०.९९५ नं गुणलं की पिंपळपानाचं खरं क्षेत्रफळ मिळतं.