कल्पित कुराज्य आणि खरा इतिहास

नाशिकरोडच्या मुलांस नोट म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. येथें प्रतिभूति मुद्रणालय १९२५ पासून व चलनी नोटांचा छापखाना १९२८ पासून आहे, आणि पुष्कळ घरांतून कोणीतरी 'प्रेसमध्यें' असतो किंवा होता. आमच्या घरीं दर रविवारीं नववी-दहावींतील सातआठ मुलें वाचनास जमतात. त्यांच्यापुढें जॉर्ज ऑर्वेलची 'अ‍ॅनिमल फार्म' (१९४५) ही कादंबरी चालली असतां, शेजारच्या जमीनदारानें लांकडांपोटीं दिलेल्या पांच पौंडांच्या नोटा बनावट निघतात, या प्रसंगाशीं वर्ग एकदम जागा झाला. "कुणी त्या उजेडाकडे धरून पाहिल्या नाहींत?" एका मुलीनें विचारलें. बॉक्सर घोड्यानें नुसत्या हुंगल्या, असें सांगतांच तिनें कपाळावर हात मारून घेतला!

ही संधि आम्हीं सोडिली नाहीं. जर्मनी व रशिया यांनीं ऑगस्ट १९३९ मध्यें एकमेकांवर न चढण्याचा करार केला, आणि २२ जून १९४१ रोजीं हिटलरच्या फौजा रशियांत घुसल्या; कागद खोटा ठरला तो हा. (मागाहून नाझींनीं कैदेंतील यहुदी कारागिरांकडून खरोखरच ब्रिटिश नोटांच्या नकला छापविल्या, ही हकीकत मुलांस इतकी आवडली, कीं मूळ मुद्दा कांहीं वेळ बाजूसच राहिला.)

ज्यांस इंग्रजींत डिस्टोपियन म्हणतात, त्या कुराज्याच्या कथा आपलीं मुलें हल्लीं पुष्कळ वाचतात व पाहतात. पण त्या कोठल्या तरी दूरच्या काळांत, परक्या माणसांवर घडतात, अशी त्यांची समजूत असते. म्हणून आम्हीं प्रत्येकास एक वही दिली. डाव्या पानावर कथेंतील प्रसंग, उजव्यावर इतिहासांतील. आणि उजवें पान भरतांना साल, स्थळ व हें कोठून कळलें, एवढें लिहिलेंच पाहिजे. पहिल्या उत्साहांत पानें भराभर जुळूं लागलीं. नेपोलियन म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, कीं झालें! एकानें तर ऑर्वेलचा जन्म मोतीहारीस २५ जून १९०३ चा आणि आपल्याकडील आणीबाणी २५ जून १९७५ ची, म्हणून तीहि जोड लाविली. हा निव्वळ योगायोग. तो खोडावयास लाविला. जुळवाजुळव सोपी असते. काय जुळत नाहीं हें शोधणें कठीण, आणि आमच्या मतें अभ्यास तेथूनच सुरू होतो. कादंबरींत लेनिनसाठीं स्वतंत्र पात्र नाहीं. कां नाहीं, यावर एक अख्खा रविवार गेला.

आमच्या पणजोबांस ही विद्या कोणीं शिकविली नव्हती. खाडिलकरांच्या 'कीचकवधां'तील (१९०७) कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हें पिटांतल्या प्रेक्षकासहि कळत असे. आणि सरकारास कळलें तेव्हां १९१० मध्यें नाटकावर बंदी आली.

'१९८४' (१९४९) मात्र जड गेली. जुनीं वर्तमानपत्रें रोज दुरुस्त करणारें तें सत्य-खातें मुलांस अतिशयोक्ति वाटलें. तेव्हां दोन चित्रें दाखविलीं: मॉस्को कालव्याच्या कांठीं स्टालिनशेजारीं उभा असलेला येझॉव, आणि १९४० मध्यें त्यास गोळी घातल्यावर पुन्हां छापलेलें तेंच चित्र, त्यांत त्याच्या जागीं नुसतें पाणी. वर्गांत कोणी बोललें नाहीं.

मग आम्ही घराजवळ आलों. नाशिकरोडचा मध्यवर्ती तुरुंग मुलांस 'श्यामची आई'मुळें ठाऊक. साने गुरुजींनीं ती १९३३ मध्यें तेथें लिहिली. परंतु आणीबाणींत त्याच भिंतींमागें विनाचौकशी माणसें डांबलीं होतीं, वर्तमानपत्रांतील मजकुरावर पूर्वतपासणी होती, आणि १९७५ च्या कऱ्हाड साहित्यसंमेलनांत अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनीं त्याविरुद्ध उघड आवाज उठविला व पुढें त्यांस अटक झाली, हें त्यांच्या कानीं नव्हतें.

जेलरोडचा एक मुलगा म्हणाला, "आजोबा म्हणतात, त्या वेळीं गाड्या वेळेवर धावत." त्यावर ती नोटांची चौकशी करणारी मुलगी उसळली, तिच्या आईचे वडील त्या वेळीं आंत होते. दोघांचे आवाज चढले. वाद तेथल्या तेथें मिटवावा असें आम्हांस क्षणभर वाटलें. दोन्हीं घरांशीं आमचें जाणेंयेणें आहे. पण मिटविला असता तर आम्हीहि सत्य-खात्याचे कारकून ठरलों असतों. दोघांस सांगितलें कीं घरीं जाऊन विचारा, आणि वडील माणसें बोलतील तसें, एक शब्द न बदलतां, उजव्या पानावर उतरवा.

पुढील रविवारीं मुलीची चार पानें भरलीं होतीं. मुलाचें एकच. त्यांत वेळेवर धावणाऱ्या गाड्या होत्याच; कचेरींतील दहाच्या ठोक्याची हजेरीहि होती. त्याखालीं, आजोबांनीं निजावयाच्या वेळीं पुन्हां हांक मारून घालावयास लाविलेलें एक वाक्य होतें: "त्या दिवसांत आम्ही घरांतहि हळू बोलत असूं."

त्या वहींतील डावें पान अद्याप कोरें आहे. मुलगा '१९८४' पुन्हां पहिल्यापासून वाचीत आहे.