वादळात छप्पर उडते कसे?

१६ मे २०२१ च्या रविवारी तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्यालगतून गेले. झाडे पडली, वीज गेली, कित्येकांची छपरे उडाली. आमच्या शेजारच्या गोठ्याचे पत्रे दूर माडांत जाऊन पडले. त्याला लागूनच असलेल्या कौलारू घराची मात्र वळचणीची चार कौले तेवढी गेली.

वारा छप्पर दाबून मोडतो अशी आपली समजूत असते. खरे पाहता तो ते उचलतो. छपरावरून वेगाने जाणारा वारा वर ओढतो आणि उघड्या बाजूने आत शिरलेला वारा खालून रेटा देतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ही ओढ वळचणीला, कोपऱ्यांना व आढ्यापाशी सर्वांत जास्त. कौले जड, शिवाय फटींतून आतला रेटा निघून जातो. तो गोठा तीन बाजूंनी उघडा होता आणि पत्रे नुसत्या खिळ्यांवर होते. खिळा सरळ उपसून येतो. त्यापेक्षा आकड्याचे बोल्ट व रुंद वायसर घ्यावेत, कडेला ते जवळजवळ बसवावेत.

ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरावर १९७४ च्या नाताळच्या पहाटे ट्रेसी वादळ आले आणि बहुतेक घरे मोडली. पत्रे स्क्रूने बसवलेले होते. पण फडफडून फडफडून ते स्क्रूभोवतीच चिरले, तार वारंवार वाकवली की तुटते तसे. म्हणून पत्रा जराही हलता कामा नये.

आणि पत्रा रिपेला घट्ट, पण रीप वाशावर सैल, असे असेल तर सगळे छप्पर एकदमच जाईल. रीप वाशाला, वासा भिंतीवरच्या लाकडी पाटाला, पाट भिंतीत खोल पुरलेल्या सळईला, असे खालपर्यंत बांधलेले हवे. सुतार म्हणतो, छप्पर आपल्या वजनाने बसते. पावसापुरते ते खरे आहे!

पत्र्यावर दगड किंवा जुने टायर ठेवण्याची चाल आम्हांला पसंत नाही. वादळात तोच दगड कुणाच्या तरी डोक्यात पडायचा. वळचणीची कौले तारेने रिपेला बांधावीत, आढ्यावरची सिमेंटात बसवावीत. वाशाला सुरी टोचून पाहावी. सहज आत गेली तर वाळवी लागली समजावे व वासा आधी बदलावा. ही कामे एप्रिलअखेर उरकावीत. वादळाचा इशारा मिळाल्यावर दारेखिडक्या लावून घ्याव्यात, कच्च्या गोठ्यातील गुरांची दावी सोडावीत, आणि छपरावर कुणीही चढू नये.