मधला उंचवटा

फियाटमध्ये मागे तीन माणसं बसली की मधली जागा घरातल्या धाकट्याची, हे न बोलता ठरलेलं असायचं. तिथे पाय ठेवायला सपाट जमीन नसे. पुढून मागे गेलेला एक उंचवटा असायचा. त्याच्या दोन बाजूंना दोन पाय टाकायचे, गुडघे वर घ्यायचे आणि खंडाळा येईपर्यंत गप्प बसायचं. लहानपणी ती जागा माझी. त्या उंचवट्याच्या पोटात एक लांब दांडा फिरत असतो आणि पुढच्या इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेऊन देतो, हे बऱ्याच उशिरा कळलं. गॅरेजमध्ये गाडी वर चढवलेली होती. मिस्त्रीने खाली बोलावून त्या दांड्याचा क्रॉस हाताने हलवून दाखवला. "ह्यात खेळ आला की गिअर टाकताना टक् वाजतं," एवढंच म्हणाला आणि पान्याकडे वळला.

ही गाडी कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आधी तिथे डॉज आणि प्लिमथ जुळवल्या जात, पन्नाशीच्या दशकात फियाट आली. सुटे भाग आणून नुसत्या गाड्या जोडणाऱ्यांना सरकारने 1953 साली दार दाखवलं आणि शिवडीच्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. कुर्लेकर टिकले, कारण त्यांनी गाडी इथेच घडवायचं कबूल केलं होतं. आधीची गोलमटोल, पुढची दारं उलटी उघडणारी ती 'डुक्कर फियाट'. साठीच्या दशकात तिच्या जागी मागे शेपट्या काढलेली 1100 डी आली. फियाटशी असलेला करार संपल्यावर, 1974च्या सुमारास, तिलाच चितोडच्या राणीचं नाव मिळालं. पद्मिनी.

आता मागे वळून पाहताना वाटतं, हिचं भवितव्य पक्कं असं होतं कधी? दांते जाकोसा हा फियाटचा नामांकित अभियंता. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन ज्या घराण्यातलं, ते त्याच्या देखरेखीखाली 1937 साली जन्मलेलं. पुढे ह्याच माणसाने इंजिन आडवं ठेवून पुढच्याच चाकांनी गाडी ओढायची मांडणी बसवली. दांडा गेला, उंचवटा गेला, वजन उतरलं, छोट्या गाडीत मोठी जागा झाली. त्या मांडणीची फियाट 128 इटलीत 1969 साली आली आणि तिने 1100ला निवृत्त केलं. म्हणजे आपण बारसं करत होतो तेव्हा तुरीनमध्ये तिच्या थोरल्या बहिणीचा कारभार आटोपून पाच वर्षं होत आली होती.

इथे कुणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण इथे रांग होती. गाडी बुक करायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. नंबर लागला की गाडी दारात यायच्या आधीच वरचे पैसे, म्हणजे 'ऑन', देऊन घ्यायला माणूस हजर. गिऱ्हाईक इतकं आतुर असताना पत्र्याचा साचा बदलायला पैसे कोण घालेल? परवाना, कोटा, आयातबंदी ह्या तीन भिंतींच्या आत राणी सुखरूप होती. भिंती मात्र दिल्लीच्या मालकीच्या होत्या.

14 डिसेंबर 1983 रोजी मारुती 800 आली. पुढच्या चाकांनी ओढणारी, हलकी, कमी पेट्रोल पिणारी. कुर्ल्याने 1985 साली उत्तर दिलं ते 118 एनईचं. अंगकाठी 1966च्या फियाट 124ची, इंजिन निसानचं, आणि जोर पुन्हा मागच्याच चाकांना. मला ती गाडी दिसायला आवडायची. पण नवी वाट धरायची वेळ आली असताना आपण जुन्याच वाटेवरचा पुढचा थांबा गाठला, असं आता म्हणावंसं वाटतं. पद्मिनीत मग डिझेल इंजिन घालून झालं, अखेरीस गिअरचा दांडा स्टिअरिंगवरून खाली आणून झाला. नव्वदीत कल्याणला प्यूजो आणि कुर्ल्याला उनो आली, तेव्हा कारखान्यानेच पुढच्या चाकांचा पक्ष घेतला होता. 2000च्या आसपास पद्मिनी बनायची थांबली.

तरी ती मेली नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिला पुढे वीसेक वर्षं चालवलं, आणि त्यामागे हळवेपणा नव्हता, हिशेब होता. मागे तीन माणसं बसली, डिकीत ट्रंका गेल्या की सगळा भार ढकलणाऱ्या चाकांवरच येई. खाली कमानपाटे, त्यामुळे खड्ड्यांची फारशी तमा नाही. पुढची चाकं फक्त वळायचं काम करत, म्हणून दुरुस्तीही वेगवेगळी. क्रॉस गेला तर क्रॉस बदला, इंजिनाला हात लावायचं कारण नाही. कुर्ला, भायखळा, कुठल्याही गल्लीत सामान मिळे. पुढे सीएनजीच्या टाकीने डिकी खाल्ली, तेव्हा सामान वरच्या कॅरियरवर गेलं. बाहेर डाव्या अंगाला लोखंडी मीटर, तो पाडला की होणारा खणखण आवाज आणि आत छताला चिकटवलेलं फुलाफुलांचं रेक्झिन. उकाड्यात त्या रेक्झिनकडे बघत बसलेला प्रवासी मुंबईत कोण नसेल?

मग आयुष्य ठरवायचं काम आरटीओकडे आलं. टॅक्सीला आधी पंचवीस वर्षं, नंतर वीस. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. तिची वीस वर्षं भरली आणि 30 ऑक्टोबर 2023पासून काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावर उरली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकरही गेल्या होत्या, त्यामुळे निरोपाच्या फोटोंची शहराला सवय झालेली होती. कुर्ल्यात प्रीमियर रोड मात्र आहे. पत्ता सांगताना लोक ते नाव घेतात, गाडी कुणाच्या डोक्यात नसते.

एक गोष्ट मात्र मजेची. चाकणला महिंद्रा आता ज्या नव्या विजेच्या गाड्या बनवते, बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई, त्यांना मागची चाकंच ढकलतात. मोटर मागेच बसवलेली, त्यामुळे लांब दांड्याची गरज नाही. भाच्याने घेतलेल्या गाडीत मी मुद्दाम मागे मधोमध बसून पाहिलं. पायाखाली जमीन सपाट होती. गुडघे कुठे ठेवावेत, ते काही वेळ सुचेना.