भंगारात सापडलेली रोयाल

पुणे-नाशिक महामार्गावर पहाटे कधी तरी तुम्ही हे दृश्य पाहिले असेल. ट्रकची नुसती चॅसिस रस्त्यावरून धावत असते. ना केबिन, ना दारे, ना हौदा. इंजिन, चाके, लोखंडी सांगाडा आणि डोक्याला मफलर गुंडाळून उघड्यावर बसलेला ड्रायव्हर. हा सांगाडा बॉडी बिल्डरच्या शेडमध्ये जातो आणि तिथे त्याला अंग मिळते. कोणाला लाकडी फाळके हवे असतात, कोणाला दुधाची टाकी.

आज ट्रकपुरती उरलेली ही पद्धत एके काळी जगातल्या सर्वांत महागड्या मोटारींची होती. कंपनी चॅसिस विके. गिऱ्हाईक ती घेऊन ‘कोचबिल्डर’कडे जाई आणि हवी तशी बॉडी बांधून घेई. हे कोचबिल्डर मूळचे बग्ग्या आणि घोडागाड्या बांधणारे कारागीर. आपल्या ‘कोचवान’ या शब्दात तोच ‘कोच’ आहे. लाकडाचा सांगाडा जोडायचा, त्यावर हाताने ठोकून आकार दिलेला पत्रा चढवायचा आणि मग रंगाचे हात द्यायचे. त्यामुळे एकाच चॅसिसवरच्या दोन गाड्या बहुधा एकसारख्या नसत.

अशाच एका गाडीची ही गोष्ट. गाडीचे नाव बुगाती रोयाल. तिला बांधले फ्रान्स आणि जर्मनीत, ती पोहोचली चीनला, मोडली न्यूयॉर्कमध्ये आणि आज उभी आहे अमेरिकेतल्या एका संग्रहालयात.

एतोरे बुगाती हा १८८१ साली मिलानमध्ये जन्मलेला इटालियन. त्याचा कारखाना होता अल्सास प्रांतातल्या मोल्सहाइम गावात. शर्यतीच्या चपळ गाड्यांसाठी त्याचे नाव झाले होते. पण त्याच्या मनात होती राजेमहाराजांनी घ्यावी अशी मोटार. १९२६ साली तिचा पहिला नमुना तयार झाला. पुढे ज्या गाड्या बनल्या, त्यांचे इंजिन होते पावणेतेरा लिटरचे, आठ सिलिंडरचे. आपल्या ओळखीचे माप लावायचे तर मारुती ८०० ची सोळा इंजिने एकत्र केली तर एवढी क्षमता होईल. लांबी एकवीस फुटांच्या घरात, वजन तीन टनांच्या वर. रेडिएटरच्या झाकणावर सोंड उंचावून उभा असलेला हत्ती होता. तो एतोरेचा शिल्पकार भाऊ रेम्ब्रांट याच्या शिल्पावरून घेतला होता. रेम्ब्रांटने १९१६ साली आत्महत्या केली होती. भावाची आठवण एतोरेने आपल्या सर्वांत मोठ्या गाडीच्या माथ्यावर ठेवली.

अशा पंचवीस गाड्या करायचा बेत होता. पण १९२९ साली जागतिक मंदी आली. स्पेनचा राजा अल्फोन्सो हा अपेक्षित गिऱ्हाईक होता, पण १९३१ मध्ये त्याला देशच सोडावा लागला. शेवटी सहा गाड्या पूर्ण झाल्या आणि विकल्या गेल्या फक्त तीन. गाडीसाठी आखलेले इंजिन पडून राहण्यापेक्षा बुगातीने ते फ्रान्सच्या रेल्वेला लागणाऱ्या वेगवान रेलकारमध्ये बसवले. राजांसाठी केलेले इंजिन असे सामान्य प्रवाशांच्या कामी आले, आणि या रेलकारनीच कारखान्याला हात दिला.

विकल्या गेलेल्या तिघींपैकी एक घेतली जर्मनीतल्या डॉ. योझेफ फुक्स यांनी. त्यांनी १९३२ साली चॅसिस म्युनिकच्या लुडविग वाइनबर्गर या कोचबिल्डरकडे दिली आणि कापडी छताची, उघडी करता येणारी बॉडी बांधून घेतली. रंग काळा, त्यावर पिवळी रेघ. सगळी किंमत भरली ४३ हजार डॉलर. त्याच वर्षी अमेरिकेत फोर्डची नवी आठ सिलिंडरची मोटार पाचशे डॉलरच्या आसपास मिळत होती, म्हणजे अंतर लक्षात येईल.

हिटलर सत्तेवर आला त्या सुमारास फुक्स यांनी जर्मनी सोडली. ते आधी स्वित्झर्लंडला गेले, तिथून थेट शांघायला आणि १९३७ च्या सुमारास न्यूयॉर्कला. घर सोडणारा माणूस चार भांडी आणि दागिने बरोबर घेतो. या गृहस्थांनी तीन टनांची मोटार जहाजांवर चढवत अर्धे जग पार केले.

न्यूयॉर्कच्या थंडीने मात्र घात केला. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. पाण्याची काचेची बाटली फ्रीझरमध्ये विसरली की ती फुटते, ते याच कारणाने. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनातही तेच होते. थंडीत गाडी उभी ठेवताना पाणी काढून टाकावे लागते किंवा न गोठणारा द्रव भरावा लागतो. रोयालमधले पाणी आतच राहिले आणि बिडाच्या ब्लॉकला तडा गेला.

साध्या गाडीला दुसरा ब्लॉक मिळाला असता. इथे तो कुठून आणायचा? शिवाय बुगातीच्या रचनेत सिलिंडरचा ब्लॉक आणि वरचे हेड एकसंध ओतलेले असे. किरकोळ दुरुस्तीलाही इंजिन पार उकलावे लागे. युद्धाच्या दिवसांत त्या खटाटोपात कोण पडणार? त्रेचाळीस हजार डॉलरची गाडी न्यूयॉर्कमधल्या एका भंगाराच्या आवारात जाऊन पडली.

तिथून तिला उचलले चार्ल्स चेन यांनी. ते जनरल मोटर्सच्या ब्यूइक शाखेचे मुख्य इंजिनिअर. त्यांनी ती भंगाराच्या भावात घेतली आणि १९४७ पर्यंत पुन्हा रस्त्यावर आणली.

आता या दुरुस्तीकडे जरा बारकाईने पाहू. तडकलेले बीड जोडणे हेच मुळात अवघड. एकाच जागी उष्णता दिली तर शेजारी नवा तडा जातो. म्हणून पुष्कळदा तड्याच्या रेषेवर ओळीने भोके पाडून, त्यांत एकमेकांत अडकणारे आट्यांचे खिळे बसवून फट अक्षरशः शिवून काढतात. बॉडीचे दुखणे वेगळेच. पत्रा वरून ठीक दिसतो आणि आतले लाकूड कुजलेले असते. कुजका तुकडा काढायचा, त्याच्या मापाचा नवा घडवायचा, पण शेजारच्या चांगल्या लाकडाला हात लावायचा नाही, यातच कारागिराची परीक्षा.

पण खरा कठीण प्रश्न हातोडीचा नाही, निर्णयाचा आहे. चेन यांनी मूळच्या एका कार्ब्युरेटरच्या जागी चार बसवले, म्हणजे गाडी नीट चालावी. आणि काळा रंग घालवून तिला शिंपल्यासारखा पांढरा रंग दिला, छताला आणि चाकांना गर्द हिरवा. गाडी वाचली, पण डॉ. फुक्स यांनी पाहिली होती ती राहिली नाही.

चेन चुकले का? त्या काळाकडे पाहा. १९५० साली ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकी हौशी माणसाने बुगाती कुटुंबाकडच्या दोन रोयाल घेतल्या, तेव्हा किरकोळ रकमेबरोबर नवे रेफ्रिजरेटर दिल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यातलीच एक १९८७ साली लंडनमध्ये ५५ लाख पौंडांना गेली. चेन यांनी गाडी उचलली तेव्हा हे भविष्य कोणाला ठाऊक नव्हते. तिला चालती करणे हेच मोठे काम होते.

दुसऱ्या एका रोयालचे उदाहरण याहून बोलके आहे. आर्मां एस्दर्स या श्रीमंत फ्रेंच व्यापाऱ्याची गाडी एतोरेचा मुलगा जाँ याने सजवली होती. एस्दर्स रात्री गाडी चालवत नसे, म्हणून तिला पुढचे दिवेच नव्हते. पुढच्या मालकाने ती बॉडी उतरवून बिंदे या कोचबिल्डरकडून नवी बसवली. जुनी कायमची गेली. आज फ्रान्समधल्या म्युलूझच्या संग्रहालयात तिची हुबेहूब प्रतिकृती पाहायला मिळते, तीही सुट्या भागांवरून नव्याने बांधलेली. दिसायला सुंदर आहे, पण ती एस्दर्सची गाडी नव्हे.

चेन पती-पत्नींनी आपली रोयाल पुढे मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयाला भेट दिली. संग्रहालयाने तिला परत काळी केलेली नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो. काळ्या रंगाखाली गाडी अवघी काही वर्षे होती, पांढऱ्या रंगाखाली सत्तर वर्षांहून अधिक काळ आहे. तो रंग पुसला तर तिला भंगारातून काढणाऱ्या माणसाचीही खूण पुसली जाईल.

हा विषय आपल्यापासून फार दूर नाही. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी आपल्या केंद्र सरकारने २०२१ साली वेगळे नियम केले. वाहन मूळ स्वरूपात असावे, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी त्यात अट आहे. तेव्हा तुमच्या वाड्याच्या पडवीत आजोबांची मोटार किंवा वडिलांची स्कूटर धूळ खात असेल, तर गॅरेजवाल्याला ‘नव्यासारखी करून द्या’ असे सांगण्याआधी थोडे थांबा. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. जुन्या रंगाचा एक कोपरा तसाच राहू द्या. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून ठेवा. काय बदलले आणि का बदलले, हे वहीत लिहा. उद्या कोणाला मूळ रूप परत आणावेसे वाटले, तर निदान त्याच्या हाती माग राहील. आणि थंड प्रदेशात राहत असाल, तर इंजिनातल्या पाण्याकडे लक्ष असू द्या!