नाशिकची गाडी कुठे लागते?

पुण्यात स्वारगेटच्या एसटी स्थानकावर चौकशीच्या खिडकीपाशी अर्धा तास उभं राहिलं, की एक गोष्ट लक्षात येते. इथे येणारे कितीतरी प्रश्न मुळात इथले नसतातच.

खिडकीत वाहतूक नियंत्रक बसलेले. समोर नोंदवही, हाताशी माइक. साताऱ्याच्या गाडीची घोषणा तोंडात असतानाच जाळीतून एक हात आत येतो. "साहेब, नाशिकची कितीला आहे?"

साहेब आधी घोषणा पुरी करतात. मग, "काका, नाशिकच्या गाड्या वाकडेवाडीहून. इथून सातारा, सांगली, कोल्हापूर."

"म्हणजे शिवाजीनगरच ना?"

इथे खरी कसोटी असते. मागे रांग वाढलेली असते, त्यामुळे "हो, तिकडेच" म्हणून मोकळं होता येतं. पण 2019 च्या डिसेंबरअखेर मेट्रोच्या कामासाठी शिवाजीनगरचं स्थानक वाकडेवाडीला हलवलं. लोकांच्या तोंडी मात्र जुनंच नाव राहिलं. त्यातच आता स्वारगेटहून मेट्रो थेट शिवाजीनगरला जाते. 'शिवाजीनगर' एवढंच ऐकून निघालेला माणूस दोन पिशव्या आणि नातवंडासह मेट्रोने तिथे उतरेल आणि स्टँड शोधत फिरेल. म्हणून साहेब शब्द मोजून सांगतात, "शिवाजीनगर नाही. रिक्षावाल्याला वाकडेवाडी एसटी स्टँड म्हणा. वा-क-डे-वा-डी." काका पुटपुटत तेच नाव घोकत वळतात.

यात बारा-पंधरा सेकंद जातात. नुसतं "इथे नाही" म्हटलं असतं तर दोन गेले असते आणि काका पुढच्या खिडकीवर तोच प्रश्न घेऊन उभे राहिले असते.

मग सिंहगडाच्या पायथ्याची बस विचारणारी मुलं येतात. ती पीएमपीची, म्हणजे शहर बससेवेची, स्थानकाबाहेरची. त्यांच्यापाठोपाठ एक बाई येतात, "आळंदीला बायकांचं अर्धं तिकीट आहे ना?" 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण आळंदीला त्या जाणार शहर बसने, आणि त्या बसला ही सवलत लागू नाही. एका प्रश्नात दोन सेवांची गल्लत. त्या वेगळ्या करून सांगाव्या लागतात, नाहीतर बाई बसमध्ये चढून कंडक्टरशी वाद घालणार. पासवाल्या विद्यार्थ्याला पासची खिडकी दाखवून दिली की झालं. खासगी ट्रॅव्हल्सचं तिकीट पुढे करणाऱ्यालाही तसंच, त्याच्या तिकिटावरचा फोन नंबर दाखवून.

सगळ्यांशी असं सविस्तर बोलता येत नाही, हेही खरंच. बारामतीची गाडी फलाटावर लागलेली असताना मेट्रोचं भाडं समजावत बसलं, तर बारामतीवाले चुकतात. खिडकी शेवटी त्यांच्यासाठी आहे. गाडी सुटायला आली असेल तर बाहेरचा प्रश्न थांबवायचा, "एक मिनिट, बाजूला थांबा" म्हणायचं आणि घोषणा झाल्यावर त्या माणसाकडे आठवणीने परत वळायचं. हे परत वळणंच सर्वांत अवघड. गर्दीत बाजूला थांबलेला माणूस दिसेनासा होतो. चांगला नियंत्रक त्याला शोधतो.

या कामाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. किती गाड्या आल्या, किती उशिरा आल्या, ते लिहिलं जातं. किती माणसं चुकीच्या स्थानकातून योग्य स्थानकाकडे वेळेत वळवली, ते लिहायला रकानाच नसतो. तो असायला हवा. आठवडाभर नुसत्या रेघा ओढल्या, तरी कोणता प्रश्न रोज चुकून इथे येतो हे कळेल.

आणि जो प्रश्न सर्वांत जास्त येतो, त्याचं उत्तर खिडकीच्या वर छताजवळ नव्हे, तर रिक्षा थांबते त्या दारातच लावावं. डोळ्यांच्या उंचीवर, मोठ्या अक्षरांत : नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर – वाकडेवाडी.